नॉरफोकची पाच कबुतरं आणि शेताशी बांधलेलं त्यांचं नशीब

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉरफोक नावाची काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. नॉरिच हे त्यातलं एकच मोठं शहर, बाकी सगळीकडे शेती, गहू, बार्ली, शुगर बीट, रेपसीड, मधूनमधून छोटी गावं आणि प्रत्येक गावात एक जुनं चर्च. या एका काउंटीत कबुतराच्या कुळातले पाच पक्षी दिसतात. वुडपिजन, स्टॉक डव्ह, फेरल पिजन, कॉलर्ड डव्ह आणि टर्टल डव्ह. पिजन आणि डव्ह असा शास्त्रात काही वेगळा भेद नाहीये, साधारण मोठ्याला पिजन आणि लहान नाजूक असेल त्याला डव्ह म्हणायची सवय आहे एवढंच.

आता मला ज्याबद्दल लिहायचंय ती गोष्ट अशी. हे पाचही पक्षी एकाच कुळातले, पाचही बी-दाणा-पाला खाणारे, पाचही एका वेळी दोनच पांढरी अंडी घालणारे. तरी त्यातल्या एकाच्या ब्रिटनभर मिळून ५० लाखांच्या वर जोड्या आहेत आणि दुसऱ्याचे २०२१ च्या मोजणीत पूर्ण देशात फक्त २,१०० च्या आसपास नर आपापली हद्द धरून बसलेले सापडले. पहिला म्हणजे वुडपिजन, दुसरा टर्टल डव्ह, आणि दोघं कधीकधी एकाच शेताच्या एकाच कुंपणात घरटं करतात. एवढी तफावत का, हे समजून घ्यायचं असेल तर पक्ष्याकडे बघण्याआधी शेताकडे बघावं लागतं, कुठल्या महिन्यात त्या शेतात काय उभं असतं, काय सांडलेलं असतं आणि काय मुळापासून नाहीसं झालंय.

त्याआधी या कुळाची एक खासियत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कबुतरं पिल्लांना दूध पाजतात. म्हणजे गाईसारखं नाही, पण आहे ते दूधच म्हणायच्या लायकीचं. पक्ष्याच्या गळ्याखाली एक पिशवी असते, खाल्लेले दाणे आधी तिथे साठतात. अंडी फुटायची वेळ जवळ आली की त्या पिशवीच्या आतलं अस्तर जाड व्हायला लागतं, त्यातल्या पेशी चरबीने आणि प्रथिनांनी भरतात आणि सुटून पडतात, त्याचा पिवळसर घट्ट लगदा होतो आणि पिल्लू आईबापाच्या चोचीत चोच घालून तो ओढून घेतं. आईबापाच्या म्हणतोय कारण नर आणि मादी दोघांनाही हे दूध येतं, आणि ते आणणारं हार्मोन प्रोलॅक्टिन आहे, जे माणसाच्या आईच्या शरीरातही दूध आणतं. पहिले काही दिवस पिल्लं फक्त यावरच असतात, मग हळूहळू त्यात भिजलेले दाणे मिसळायला लागतात.

याचा परिणाम काय होतो बघा. चिमणीसारखे दाणे खाणारे कितीतरी पक्षी स्वतः दाणे खातात पण पिल्लांना मात्र किडे-अळ्या भरवतात, कारण पिल्लाला वाढायला प्रथिनं लागतात, म्हणून त्यांचा विणीचा हंगाम किड्यांच्या हंगामाला बांधलेला असतो. कबुतराला किडे लागतच नाहीत, दाण्याचंच दूध करून तो पिल्लाला देतो. म्हणजे जोवर बी मिळतंय तोवर पिल्लं काढता येतात, मार्च असो नाहीतर ऑक्टोबर. आणि बी मिळेनासं झालं की सगळा कारभार तिथल्या तिथे थांबतो, दुसरा आधारच नाही. कबुतराचं नशीब शेताच्या कॅलेंडरला बांधलेलं आहे ते यामुळे.

वुडपिजनपासून सुरुवात करू कारण नॉरफोकमधे गाडीतून उतरल्यावर पहिला तोच दिसतो. चांगला अर्धा किलोचा पक्षी, करडा-निळसर, छाती गुलाबी, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा आणि उडाला की पंखावर आडवी पांढरी रेघ लखकन दिसते. मानेवर पांढरं नसेल पण पंखावर असेल तर ते त्या वर्षीचं पिल्लू. आवाज पाच ठोक्यांचा, कु-कूऽ-कू, कू-कु, तोच परत परत, आणि शेवटी मधेच एका ठोक्यावर तोडून टाकतो. वसंतात नर झाडावरून तिरका वर चढतो, टोकाला पोचला की पंख टाळी वाजवल्यासारखे फटफट वाजवतो आणि मग पंख पसरून घसरत खाली येतो, आणि पुन्हा वर. घरटं मात्र अगदीच तोकडं, पंधरा-वीस काड्या आडव्यातिडव्या टाकल्या की झालं, खालून बघितलं तर कधीकधी आरपार अंडी दिसतात.

हा मुळात जंगलातला पक्षी. ओकची फळं, बीचच्या बिया, आयव्हीची फळं यावर जगायचा, आणि त्याची खरी परीक्षा असायची हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत, झाडाखालचं सगळं संपल्यावर. मग अठराव्या शतकात नॉरफोकमधेच शेतीत एक मोठा बदल झाला. चार वर्षांचा फेरपालट, गहू, मग टर्निप म्हणजे सलगम, मग बार्ली, मग क्लोव्हर. रेनमच्या चार्ल्स टाउनशेंड या जमीनदाराने टर्निपचा एवढा पुरस्कार केला की लोक त्याला टर्निप टाउनशेंडच म्हणायचे, आणि नंतर होल्कमच्या थॉमस कोकने ही पद्धत अजून पसरवली. टर्निप आणि क्लोव्हर लावले ते गुरांना हिवाळ्यात चारा मिळावा म्हणून, पण त्यामुळे ऐन थंडीत शेतात हिरवा पाला उभा राहायला लागला, आणि वुडपिजन हा पाला खाणारा पक्षी आहे, त्याच्या कुळातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त. जंगलातला पक्षी शेतातला झाला तो असा.

विसाव्या शतकात क्लोव्हर कमी झालं कारण रासायनिक खत आलं, जमिनीला नायट्रोजन द्यायला क्लोव्हरची गरज उरली नाही. वुडपिजनची संख्या तेव्हा घसरलीही. पण १९७० नंतर रेपसीड आलं, मोहरीच्याच घराण्यातलं तेलबियांचं पीक, मे महिन्यात ज्याची पिवळीधमक शेतं इंग्लंडच्या फोटोत दिसतात ते. हे पेरतात ऑगस्ट-सप्टेंबरमधे आणि रोपं पूर्ण हिवाळाभर हिरवीगार उभी असतात. झालं, वर्षातली जी एकच अडचणीची वेळ होती तीच मिटली. १९७० च्या दशकापासून आजपर्यंत वुडपिजन दुपटीहून जास्त झालाय आणि त्यामागे रेपसीडचा मोठा हात आहे असं अभ्यासक मानतात.

शेतकऱ्याच्या बाजूनेही बघायला हवं. जानेवारीत हजार-हजारांचा थवा रेपसीडच्या शेतात उतरतो, रोपाचा मधला कोंब खुडतो आणि एका कोपऱ्यातून शेत साफ करत पुढे सरकतो. म्हणून नॉरफोकमधे थंडीत फिरताना दर थोड्या वेळाने बंदुकीचा बार ऐकू येतो, बरेचदा ती गॅस गन असते, सिलिंडर लावलेलं यंत्र, नुसता आवाज करून पाखरं उठवायला. खरी शिकारही चालते. शेताच्या कडेला जाळीचा आडोसा करतात, त्याला हाइड म्हणतात, समोर प्लॅस्टिकचे किंवा मेलेले पक्षी चरत असल्यासारखे मांडतात, त्यांना डिकॉय म्हणतात. मांडताना वाऱ्याकडे तोंड करून मांडायचे आणि मधे मोकळी जागा सोडायची, कारण कबुतर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतं आणि बरोबर त्या मोकळ्या जागेत यायला बघतं. या शिकारीसाठी सरकारचं जनरल लायसन्स लागतं. एप्रिल २०१९ मधे वाइल्ड जस्टिस नावाच्या संस्थेने कायदेशीर आव्हान दिल्यावर नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने जुनी लायसन्सेस अचानक मागे घेतली, ऐन पेरणीच्या दिवसात, त्यावरून खूप रान उठलं आणि मग नव्या अटींची लायसन्सेस आली.

पण शिकारीने वुडपिजन कमी होतो का? यावर नॉरफोकच्या शेजारच्या केंब्रिजशरमधे, कार्लटन गावाजवळ, १९५० आणि ६० च्या दशकात रॉन मर्टन या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं काम केलं. तेव्हा सरकार कबुतरं मारायला काडतुसांवर सूट देत होतं. मर्टनच्या लक्षात आलं की हिवाळ्यात क्लोव्हर ठराविकच असतं आणि ते जेवढ्या पक्ष्यांना पुरतं तेवढेच वसंतापर्यंत टिकतात. तुम्ही डिसेंबरमधे शंभर मारले तर उरलेल्यांच्या वाट्याला जास्त पाला येतो आणि जे फेब्रुवारीत उपाशी मेले असते ते वाचतात, वसंतातला आकडा तोच. म्हणजे मारलेल्यांपैकी बरेच असेही जाणारच होते. त्यानंतर काडतुसांवरची सूट बंद झाली. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं, कारण पक्ष्याची संख्या बंदुकीने नाही तर वर्षातल्या सगळ्यात उपाशी महिन्याने ठरते हे त्याने आकडे मोजून दाखवलं, आणि पुढे टर्टल डव्हचं कोडं सोडवताना हेच उपयोगी पडतं.

वुडपिजनच्या गर्दीत जो कुणाच्याच लक्षात येत नाही तो स्टॉक डव्ह. लोक त्याला रोज बघतात आणि पारवा समजून पुढे जातात. आकाराने पारव्याएवढाच, पण कुठेही पांढरं नाही, ना मानेवर ना पंखावर ना पाठीच्या खालच्या भागावर. मानेला हिरवी झाक, पंखावर दोन तोकडे काळे पट्टे जे मधेच संपतात, आणि डोळा पूर्ण काळा, त्यामुळे चेहरा खूप मवाळ दिसतो. ओळखायची सगळ्यात सोपी खूण तो डोळाच, वुडपिजनचा फिकट पिवळा असतो, पारव्याचा नारिंगी-लाल. घरटं हा उघड्यावर करत नाही, त्याला भोक लागतं, जुन्या झाडाची ढोली, पडका गोठा, घुबडासाठी लावलेली पेटी. नॉरफोकच्या दक्षिणेला थेटफर्डच्या बाजूला ब्रेकलँड म्हणून रेताड माळ आहे, तिथे पूर्वीपासून ससे भरपूर, आणि तिथे स्टॉक डव्ह सशांच्या रिकाम्या बिळात जमिनीखाली अंडी घालायचा.

१९५० च्या दशकात याच्यावर मोठं संकट आलं. गव्हाच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून पेरण्याआधी त्याला डिल्ड्रिन, ऑल्ड्रिनसारखी औषधं चोळायला सुरुवात झाली. वसंतात पेरलेलं बियाणं वर राहिलं की पक्षी ते टिपायचे आणि मरायचे. ही औषधं चरबीत साठतात, लवकर मोडत नाहीत, म्हणून त्या पक्ष्यांना खाणारे ससाणे आणि शिक्रे पण गेले. स्टॉक डव्ह पाल्यापेक्षा जमिनीवरच्या बियांवर जास्त जगतो, म्हणून पूर्व इंग्लंडच्या धान्याच्या पट्ट्यात त्याची वाताहत झाली. १९६१ नंतर वसंतातल्या पेरणीला ही औषधं वापरायची नाहीत असं ठरलं, पुढे टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि हा पक्षी सावरला. आज ब्रिटनमधे त्याच्या तीन लाखांच्या आसपास जोड्या आहेत. एक नेमकं कारण सापडलं, ते काढलं, आणि पक्षी परत आला, इतकं सरळ उदाहरण या विषयात फार कमी मिळतं.

फेरल पिजन म्हणजे आपला पारवाच, अगदी तीच जात, दादरच्या कबुतरखान्यावर असतो तोच. मूळचा समुद्राच्या कड्यांवरचा पक्षी, हजारो वर्षांपूर्वी माणसाने पाळला आणि पाळलेल्यातले सुटून परत मोकळे झाले ते हे. त्याला झाड नको, कपार पाहिजे, आणि नॉरफोकमधे सहाशेच्या वर मध्ययुगीन चर्चेस आहेत, म्हणजे कपारींना तोटा नाही. जुन्या काळी इंग्लंडमधे जमीनदाराच्या वाड्याशेजारी डव्हकोट असायचं, आतून भिंतीभर खोबणी असलेली इमारत, त्यात शेकडो कबुतरं राहायची आणि उडायला लागायच्या आधी पिल्लं काढून खाल्ली जायची. कबुतरं चरायची मात्र गावकऱ्यांच्या शेतात, आणि गावकऱ्याला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. वर विष्ठेतून सोरा मिळतो, सोऱ्यापासून बंदुकीची दारू, म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकात राजाची माणसं येऊन डव्हकोटची जमीन उकरून न्यायची.

नॉरफोकमधे या जातीची एक वेगळी शाखा राजघराण्याच्या आश्रयाला आहे. सँडरिंगम इथे राजघराण्याचा कबुतरखाना आहे, त्याची सुरुवात १८८६ मधे बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने भेट दिलेल्या शर्यतीच्या कबुतरांपासून झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांमधे कबुतरं नेत, विमान पडलं आणि रेडिओ गेला तर कळवायला. ऑक्टोबर १९४० मधे एक विमान हॉलंडमधे उतरावं लागलं तेव्हा सँडरिंगमच्या रॉयल ब्लू नावाच्या कबुतराने ४ तास १० मिनिटांत १२० मैल उडून त्याची खबर आणली, आणि त्यासाठी त्याला डिकिन मेडल मिळालं. प्राण्यांच्या युद्धातल्या कामगिरीसाठी हे पदक १९४३ मधे सुरू झालं आणि आत्तापर्यंत ३२ कबुतरांना मिळालंय. शर्यतीची कबुतरं आजही पुष्कळ आहेत, पायात रिंग असते, कधी थकून कुणाच्या बागेत उतरतात. असं दिसलं तर पाणी आणि थोडे दाणे ठेवायचे, पाव नाही, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत दम खाऊन ते आपलं आपण घरी जातं. आणि नॉरिचला गेलात तर कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर नजर टाका, तिथे २०११ पासून बहिरी ससाण्यांसाठी फळी लावलेली आहे, शहरातले पारवे त्यांचं नेहमीचं खाणं.

आता कॉलर्ड डव्ह, आणि हा तर आपला होला. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडच्या कोरडवाहू भागात बाभळीवर, तारेवर बसलेला फिकट मातकट रंगाचा, मानेमागे अर्धी काळी कंठी असलेला कंठीवाला होला, तोच हा, जात एकच. आज इंग्लंडच्या कुठल्याही खेड्यात त्याचं तीन ठोक्यांचं कु-कूऽ-कु ऐकू येतं आणि तिथल्या तरुण माणसाला वाटतं हा इथलाच. पण १९५५ च्या आधी ब्रिटनमधे त्याचं एकही घरटं कुणाला माहीत नव्हतं. पहिलं घरटं त्या वर्षी नॉरफोकमधेच, उत्तर किनाऱ्यावरच्या क्रोमरजवळ सापडलं, आणि अंडी गोळा करणाऱ्यांच्या भीतीने सुरुवातीला जागा गुप्त ठेवली गेली.

हा भारताकडून पश्चिमेला सरकत सरकत तुर्कस्तानपर्यंत पोचलेला होताच, बाल्कन भागात तो शतकानुशतकं थांबून राहिला, १८३८ मधे शास्त्राच्या पुस्तकात त्याची नोंद झाली ती आजच्या बल्गेरियातल्या प्लोव्हदिवच्या पक्ष्यावरून. मग १९३० च्या सुमारास काय झालं कुणास ठाऊक, तो वायव्येकडे निघाला, हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी, हॉलंड, डेन्मार्क, आणि वीस-पंचवीस वर्षांत नॉर्थ सी ओलांडून नॉरफोकच्या किनाऱ्यावर. १९५९ पर्यंत तर आयर्लंडमधे घरटी होती. माणसाच्या डोळ्यांसमोर एखाद्या पक्ष्याने आपला प्रदेश इतक्या झपाट्याने वाढवल्याची उदाहरणं मोजकीच आहेत. तो का निघाला याचं पक्कं उत्तर नसलं तरी तो टिकला का हे मात्र समजतं. गावात, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, गिरणीपाशी, धान्याच्या गोदामापाशी सांडलेले दाणे टिपून बारा महिने राहणारा लहान कबुतर तिथे नव्हताच, वुडपिजन तेव्हा गावात इतका शिरलेला नव्हता आणि टर्टल डव्ह हिवाळ्यात नसतो. जागा रिकामी होती. त्यात दूध पाजायची सोय, म्हणून हा फेब्रुवारी-मार्चपासून शरद ऋतूपर्यंत एकामागून एक वीण काढतो, एक पिल्लांची जोडी घरट्यात असतानाच कधी दुसरी अंडी घातलेली असतात, आणि पिल्लं आसपास न राहता लांब लांब जातात. अलीकडे २००५ नंतर मात्र त्याची संख्या थोडी उतरायला लागली आहे, ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीमुळे होणारा घशाचा रोग हे त्याचं एक कारण. त्या रोगाकडे परत येतोच.

आणि मग टर्टल डव्ह. पाचांत सगळ्यात लहान, सगळ्यात देखणा. पाठीवरच्या प्रत्येक पिसाचा मधला भाग काळा आणि कड तांबूस-केशरी, त्यामुळे खवले बसवल्यासारखी नक्षी दिसते, मानेवर काळ्यापांढऱ्या तिरक्या रेघांचा छोटा ठिपका, आणि उडताना काळ्या शेपटीला पांढरी कड. आवाज घुमण्याचा नाहीच, टुर्रर्र-टुर्रर्र असा लांबलचक, उन्हाळ्याच्या दुपारी कुंपणातून येणारा. १९६० च्या दशकात पूर्व इंग्लंडच्या शेतात हा आवाज रोजचा होता. तेव्हापासून ब्रिटनमधली संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली आणि आता जे उरलेत ते मुख्यतः केंट, एसेक्स, सफोक, नॉरफोक या पूर्व-आग्नेय पट्ट्यात.

बाकी चौघांपेक्षा याचं वेगळेपण म्हणजे हा स्थलांतर करतो. एप्रिलच्या शेवटी किंवा मेमधे येतो, सप्टेंबरपर्यंत परत जातो, हिवाळा काढतो पश्चिम आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला, सेनेगल-मालीच्या पट्ट्यात. २०१४ मधे नॉरफोकच्या शेजारच्या सफोकमधे आरएसपीबी या पक्षीसंस्थेने टायटन नावाच्या एका नराच्या पाठीवर छोटा सॅटेलाइट टॅग लावला. तो मालीला गेला आणि पुढच्या वर्षी परत सफोकमधे आला, जाऊनयेऊन साधारण ११,२०० किलोमीटर, बहुतेक प्रवास रात्री. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन असलेला पक्षी, मधे भूमध्य समुद्र, ॲटलास पर्वत आणि पूर्ण सहारा वाळवंट.

आता यांचं वर्ष मांडून बघा. मे महिन्यात पक्षी थकून पोचतो आणि त्याला लगेच अंगात ताकद भरून पिल्लं काढायची असतात, तीन-साडेतीन महिन्यांत सगळं उरकायचं असतं. पण मे-जूनमधे धान्य पिकलेलं नसतं, ते जुलै-ऑगस्टला. मग तेव्हा तो काय खायचा? तणांच्या बिया. विशेषतः फ्युमिटरी नावाचं एक नाजूक तण, पित्तपापडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीचं भावंड, आणि चिकवीडसारखी इतर छोटी रोपं, शेताच्या कडेला आणि पिकात उगवणारी, ज्यांची बी मेपासूनच पडायला लागते. मर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास तपासलं तेव्हा टर्टल डव्हच्या पोटात जवळजवळ सगळ्या तणांच्याच बिया होत्या.

पुढच्या तीस वर्षांत तणनाशकं आली, बियाणं स्वच्छ झालं, वसंतात पेरायची पिकं शरदात पेरायला लागले त्यामुळे वसंतात उघडी नांगरलेली जमीन आणि तिच्यावर उगवणारं तण दोन्ही गेलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी पूर्व इंग्लंडमधे परत तपासलं तर खाण्यात अर्ध्याहून जास्त गहू आणि रेपसीडचे दाणे होते, आणि ते मिळतात उशिरा. आणि इथे खरी गंमत कळते की एका घरट्यातून जेवढी पिल्लं पूर्वी बाहेर पडायची तेवढीच आताही पडत होती, घरटी काही जास्त मोडत नव्हती. बदललं होतं ते एका जोडीने उन्हाळ्यात किती वेळा अंडी घातली ते. १९६० च्या दशकात सरासरी जवळपास तीन वेळा, आता दीडच्या थोडं वर. विणीचा हंगाम लवकर आटोपायला लागला, आणि वर्षाला मरणाऱ्यांची भरपाईच होईना. वुडपिजनच्या उपाशी महिन्यात रेपसीड उभं राहिलं, आणि त्याच बदलत्या शेतीत टर्टल डव्हच्या गरजेच्या महिन्यातलं ताट काढून घेतलं गेलं. शेत तेच, शेतकरी तोच.

त्यात शिकारीची भर. जाण्यायेण्याच्या वाटेवर फ्रान्स, स्पेन, पोर्तुगालमधे दरवर्षी दहा लाखांच्या आसपास टर्टल डव्ह मारले जायचे. इथे मर्टनचं गणित लागू होत नाही, कारण हा पक्षी आधीच आपली भरपाई करू शकत नाहीये, मारलेला प्रत्येक पक्षी खात्यातून सरळ वजा. २०२१ पासून या पश्चिमेकडच्या मार्गावर शिकार थांबवली गेली आणि दोन-तीन वर्षांतच पश्चिम युरोपातली संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढली, म्हणजे संधी दिली की पक्षी उठतो. तरीही २०२५ मधे कोटा ठरवून मर्यादित शिकार परत सुरू करायला मोकळीक दिली गेली. मला हा निर्णय घाईचा वाटतो, कारण ब्रिटनमधे, जिथे मुळात शिकार होतच नाही, तिथली संख्या अजून सावरलेली नाही.

नॉरफोकमधे जे प्रयत्न चाललेत ते या सगळ्या हिशोबावरच आधारलेले आहेत. २०१२ मधे ऑपरेशन टर्टल डव्ह सुरू झालं, त्यात फेकनमजवळच्या पेन्सथॉर्पची संस्था पहिल्यापासून होती. शेतकऱ्याला सांगितलं जातं की कुंपण कापून चेपून ठेवू नका, हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्नसारखी काटेरी झाडी तीन-चार मीटर उंच आणि दाट वाढू द्या, कारण हा पक्षी घरटं तिथे करतो. जवळपास पाणी पाहिजे, डबकं चालतं पण काठ उतरता पाहिजे, कोरडे दाणे खाणाऱ्याला रोज पाणी लागतं. आणि चरायला विरळ, बुटकी, जमीन दिसेल अशी जागा, कारण याचे पाय आखूड, दाट गवतात तो चालूच शकत नाही. अशी जागा तयार होईपर्यंत मेपासून जुलैपर्यंत बारीक बिया टाकतात. टाकतात म्हणजे ढीग नाही करत, उघड्या जमिनीवर लांब पट्ट्यात विखरून टाकतात, कारण ढिगावर वुडपिजन, होला, तित्तिर, फिंच सगळे एका जागी गर्दी करतात आणि तो घशाचा ट्रायकोमोनास लाळेतून आणि ओल्या दाण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तपासलेल्या टर्टल डव्हमधे हा परजीवी मोठ्या प्रमाणावर सापडलाय. वॉश खाडीच्या काठावर स्नेटिशमजवळ वाइल्ड केन हिल म्हणून इस्टेट आहे, तिथे जमिनीचा मोठा तुकडा नांगरायचं थांबवून झुडपांना वाढू दिलं आणि तिथे टर्टल डव्ह आहेत. ससेक्समधल्या नेप इस्टेटवर हेच आधी झालं होतं, तिथे काही मुद्दाम पेरलं-टाकलं नाही, फक्त झाडी मोकळी सोडली आणि आवाज देणारे नर वाढत गेले.

इंग्लंडमधे राहणारे किंवा उन्हाळ्यात तिकडे जाणारे आपले बरेच लोक पक्षी बघतात म्हणून सांगतो, नॉरफोकमधे टर्टल डव्ह बघायचा असेल तर मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत, पहाटे, वारा नसलेल्या दिवशी जा. आधी कानाने शोधा, मग उंच काटेरी झाडी आणि शेजारच्या विजेच्या तारा बघा. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका, ज्या नराला आधीच खाणं कमी मिळतंय तो प्रतिस्पर्धी आला समजून उरलेली शक्ती त्यात घालवतो. दिसला तर तारीख आणि ठिकाण लिहून काउंटीच्या पक्षी नोंदणीकडे कळवा, पण सोशल मीडियावर नेमकी जागा टाकू नका. आणि दाणे टाकायची ट्रे कुणाच्या बागेत असेल तर ती आठवड्यातून एकदा तरी धुवून पूर्ण वाळवूनच परत भरा, हा परजीवी कोरड्यात फार टिकत नाही.